बाबा घरी नाहीत

मी शिकलेलं पहिलं सबंध वाक्य हेच.
रात्री कडी वाजली की उंबऱ्यावर उभं राहून म्हणायचं,
बाबा घरी नाहीत.
कुठे गेले विचारलं तर बोट दाखवायचं
बांधाकडे, नाहीतर धक्क्याकडे,
नाहीतर नुसतंच अंधाराकडे.

जुव्याला पूल नव्हता तेव्हा.
फेरी रात्री आठला बंद.
त्यानंतर ज्यांच्या पोटात दुखायचं,
ज्यांचं पोर आडवं यायचं,
त्यांना आमचंच दार ठाऊक.
बाबा होडी सोडायचे.
पिएदादच्या जुळ्यांतली एक नदीतच जन्मली, दुसरी माशेलात.
त्या अजून भांडतात,
थोरली कोण यावर नव्हे,
जन्मगाव काय लिहायचं यावर.

पगार भेंडीचा.
जुव्याची सात शिरांची, हातभर लांब,
कुणी ठेवली ते न सांगता पायरीवर ठेवलेली.
आई ती चिरताना म्हणायची,
समाजसेवा बुळबुळीत असते,
ताकाचा शिपका दिल्याशिवाय सुटत नाही.

नाटकाच्या दिवसांत बाबा प्रॉम्प्टर.
बत्तीस वर्षं राजाची, दासीची, कपटी मामाची वाक्यं
पडद्यामागून कुजबुजत राहिले.
एका वर्षी सेनापती झालेला जयदेव लोटलीकर इतका प्याला होता
की नुसता तोंड हलवत उभा.
विंगेतून बाबांचाच आवाज चढत गेला,
अख्खा प्रवेश.
टाळ्या जयदेवला पडल्या.
घरी मात्र त्यांना वाक्यं सापडत नसत.
माझ्या लग्नाच्या बोलणीत ते "हं" म्हणाले.
दोनदा.

पंचायतीला एकदाच उभे राहिले. अकरा मतांनी पडले.
त्या रात्रीही कडी वाजली,
जिंकलेल्यानेच वाजवली:
मिरवणुकीतल्या फटाक्याने त्याच्या भाच्याचा हात भाजला होता.
बाबांनी शर्ट चढवला. उलटा.

माझा दहावीचा पहिला पेपर अवसेला होता.
पहाटे उधाणाने बांध फुटला, खाजनात खारं पाणी शिरलं.
मला केंद्रावर सोडायचं कबूल केलेले बाबा
छातीभर चिखलात उभे होते,
शेजारी कायतानचा बाप,
ज्याच्याशी कुंपणावरून चार वर्षं बोलणं बंद.
मी कायतानच्या सायकलवरून गेले, मांडीवर कंपास घट्ट धरून.
दुपारी परतले तर दोघं बांधावर बसून
एकाच ताटलीतून पेज पीत होते.
पेपर कसा गेला, हे कुणीच विचारलं नाही.
ते मी अजून माफ केलेलं नाही.
शेत वाचलं, हे ठाऊक आहे मला.
त्या वर्षीचा भात आम्हीही खाल्ला.

आता पूल आहे. एकशे आठ आहे.
बाबा ऐंशीचे, दोन्ही गुडघे बदललेले,
बांबोळीच्या डॉक्टरने बांधावर चढायला मनाई केलेली.
वाचनालयाची किल्ली मात्र अजून करगोट्याला,
आंघोळीलाही सोडत नाहीत,
गंजून ती आता कुलपातही जात नसेल.

काल रात्री फोन वाजला.
तरुण आवाज, ओळखीचा नव्हता.
मानशीचं दार अडकलंय, सगुणबाब आहेत का?

मी म्हटलं, बाबा घरी नाहीत.

चाळीस वर्षांनी वाक्य तसंच निघालं,
न अडखळता,
आणि पहिल्यांदाच खोटं.

मागे वळले तर ते भिंतीला धरून
पलंगाखाली बॅटरी शोधत होते.
"कोण?"
फोन माझ्या हातात, पलीकडे कुणीतरी श्वास घेत थांबलेलं.
मला काही सुचेना. माझं तोंड नुसतंच हललं असावं,

कारण त्यांनी मान वर न करता,
विंगेतून द्यावं तसं,
हळूच मला पुढचं वाक्य दिलं,
"म्हण, निघाले."

मग नेहमीच्या आवाजात,
"ओहोटी साडेतीनला आहे. थर्मास भर. तूही चल,
बॅटरी धरायला कुणीतरी लागेल."